मोबाईल हिसकावण्याआधी: वयात येणारी पोरं, सोशल मीडिया आणि घरच्यांनी करायची कामं

मे महिन्यातली दुपार होती. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि अकरा वाजले की रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. शाळेला सुट्टी, बाहेर ऊन, घरात पंखा आणि मोबाईल. वर्षभरात माझ्याकडं पोरांच्या मोबाईलच्या ज्या भानगडी येतात, त्यातल्या बऱ्याच याच दिवसांतल्या. माझं दुकान पूर्व भागात आहे. अर्ध्या जागेत ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्स, अर्ध्यात मोबाईल दुरुस्ती.

त्या दुपारी एक बाई आल्या. विड्या वळणाऱ्या. पदराच्या टोकात गुंडाळून आणलेला मोबाईल त्यांनी काउंटरवर ठेवला. मागं दहावीची परीक्षा दिलेलं पोरगं. बाईंनी तोंड उघडायच्या आत तेच म्हणालं, "अण्णा, ह्यातलं सगळं पुसून टाका. सगळं." मोबाईल सारखा थरथरत होता. थरथरत थरथरत काचेवरून कडेकडं सरकायचा. पोरगं त्याला हात लावत नव्हतं, नुसतं बघत होतं आणि तळहात पँटला पुसत होतं.

आईला शेजारच्या दुकानात पाणी प्यायला पाठवलं, तेव्हा कुठं बोलला. इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट, दोन दिवस गप्पा, मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. कॉल मिनिटभराचाही नाही. त्यानंतर त्या कॉलची क्लिप आणि सोबत त्याच्या सगळ्या फॉलोअर्सच्या यादीचे स्क्रीनशॉट. पैसे टाक, नाहीतर यादीतल्या प्रत्येकाला पाठवतो. आईच्या फोनपेवरून त्यानं दोनदा पैसे टाकलेही होते. तीन दिवस घरात कुणाला पत्ता नव्हता. का सांगितलं नाहीस, असं विचारलं तर त्याचं उत्तर एवढंच: "मोबाईल काढून घेतील."

मार पडेल, बदनामी होईल हे नंतर. आधी मोबाईल जाण्याची भीती. पोरांना छळणाऱ्या या टोळ्यांचा सगळा धंदा या भीतीवर चालतो. म्हणून पुढं जे लिहिलंय त्यात सेटिंग आहेत, कायदा आहे, हेल्पलाइन आहे, पण सुरुवात मोबाईलच्या बाहेरून आहे.

पायरी १: घरात शब्द द्या, आणि तो पाळा

आज रात्री जेवताना हे बोला. पोराला समोर बसवून भाषण देऊ नका, ते मान हलवेल आणि कानाआड करेल. ताटावर बसल्या बसल्या, सहज. शब्द साधे ठेवा: "मोबाईलवर काही उलटसुलट झालं, कुणी धमकावलं, पैसे गेले, फोटो गेला, चूक तुझी असली तरी मला सांग. मी हात उगारणार नाही, मोबाईल काढून घेणार नाही. आधी आपण दोघं ते निस्तरू, बाकीचं नंतर बघू." घरात तेलुगू बोलत असाल तर तेलुगूत सांगा, कन्नड-उर्दू असेल तर त्यात. घाबरलेलं माणूस घरच्या बोलीत बोलतं.

या शब्दाची पहिली परीक्षा मोठ्या गोष्टीनं होत नाही. पोरगं आधी एखादी फालतू गोष्ट सांगून बघतं. कुणीतरी घाण कमेंट केली, कुणी शिवी दिली, गेममध्ये ५० रुपये गेले. त्या वेळी तुम्ही "म्हणून सांगत होतो, ठेव तो मोबाईल" म्हणालात की दार बंद झालं म्हणून समजा. दुसरी गोष्ट तुमच्यापर्यंत येत नाही.

आईबापाला सांगायची लाज वाटतेच, म्हणून आणखी एक माणूस ठरवून ठेवा. मामा, मोठी अक्का, शाळेतल्या एखाद्या बाई. "मला नाही सांगता आलं तर मामाला सांग" हे आधीच बोलून ठेवलेलं असावं, आणि मामालाही ते माहीत असावं.

माझी चूक सांगतो, म्हणजे मी हे एवढं का लावून धरतोय ते कळेल. काही वर्षांमागं असंच एक प्रकरण आलं आणि मी पोराच्या वडिलांना काउंटरवरच, चार गिऱ्हाइकांसमोर सगळं सांगितलं. त्यांनी मोबाईल उचलला आणि पायरीवर आपटला. डिस्प्ले गेला, बोर्ड गेला. धमक्यांचं चॅट, समोरच्याचा नंबर, पैसे मागितल्याचा मेसेज, सगळं त्याच मोबाईलमध्ये होतं. बॅकअप नव्हता. नंतर तक्रार द्यायला पोराच्या आठवणीशिवाय हातात काही उरलं नाही. वडिलांना आधी बाजूला घेऊन चहा पाजायला हवा होता, एवढं मला सुचलं नाही.

पायरी २: खात्यातलं वय खरं करा

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि जवळजवळ कुणी करत नाही.

पोरं अकराव्या-बाराव्या वर्षी इन्स्टा काढतात. नियमानं १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून जन्मसाल खोटं टाकतात. खोटं टाकायचंच तर मग १९९५, २०००, बोटाला येईल ते. त्यामुळं अ‍ॅपच्या लेखी तुमची नववीतली मुलगी पंचविशीची बाई असते. फेब्रुवारी २०२५ पासून इन्स्टाग्रामनं भारतात १८ वर्षांखालच्यांसाठी 'टीन अकाउंट' सुरू केलंय. त्यात खातं आपोआप प्रायव्हेट राहतं, ओळख नसलेला माणूस मेसेज पाठवू शकत नाही, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन बंद असतात आणि १६ वर्षांखालच्या मुलाला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. फुकटात मिळणारं हे सगळं कुंपण खोट्या जन्मसालामुळं लागूच होत नाही.

प्रोफाइलवर जा, तीन रेघा दाबा, अकाउंट्स सेंटर, पर्सनल डिटेल्स, बर्थडे. खरी तारीख टाका. मूल १३ वर्षांखालचं असेल तर खातं बंद पडेल. पडू द्या.

आता मोबाईल कुणाचा हे बघा. आमच्या भागात बऱ्याच घरांत एकच स्मार्टफोन असतो. सिम वडिलांचं, फोनपे आईचं, इन्स्टा पोराचं आणि जीमेल मोबाईल विकणाऱ्या दुकानदारानं काढून दिलेला. पासवर्ड मोबाईलच्या खोक्यावर लिहिलेला होता आणि खोकं रद्दीत गेलं. मीही असे जीमेल पुष्कळ काढून दिलेत, त्यामुळं कुणाला बोलायचं तोंड मला नाही. पण त्या जीमेलचा पासवर्ड बदला, रिकव्हरी नंबर आईचा किंवा वडिलांचा टाका. खातं चोरीला गेलं तर परत मिळवायचा रस्ता तिथूनच जातो.

पैशाचं अ‍ॅप आणि पोराचं इन्स्टा एकाच मोबाईलवर असेल तर फोनपे-गुगलपेला वेगळं स्क्रीन लॉक लावा. यूपीआयचा पिन पोराला माहीत नसावा. "दूध आणायला पाठवतो, म्हणून पिन सांगितला" हे मी रोज ऐकतो. दुधासाठी रोख द्या.

पायरी ३: अर्धा तास बसून सेटिंग

पोराला बाजूला बसवून करा, चोरून नको. चोरून केलेलं ते दोन मिनिटांत उलटं करतं, आणि ह्या कामात ते तुमच्यापेक्षा हुशार आहे.

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी. प्रोफाइल फोटो, लास्ट सीन आणि ग्रुप्स, तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर. ग्रुप्सचं तर नक्कीच करा, कारण कुणीही उठून कुणालाही कसल्याही ग्रुपमध्ये ओढतं. त्याच पानावर कॉल्समध्ये अनोळखी नंबर गप्प करायची सोय आहे, ती चालू करा. मग टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन. शेवटी 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून बघा. तिथं तुमच्या ओळखीचा नसलेला संगणक दिसला तर लगेच लॉग आउट करा. वर्गातल्या कुणीतरी मस्करीत क्यूआर स्कॅन करून महिनाभर मेसेज वाचल्याचं एक प्रकरण माझ्याकडं आलं होतं.

इन्स्टावर खातं प्रायव्हेट, फॉलोअर्सची यादी साफ. एकेक नाव पोराला विचारा: "हा कोण?" तीन वेळा "माहीत नाही" आलं की ते स्वतःच काढायला लागतं. पालकाच्या आणि मुलाच्या खात्याची जोडणी फॅमिली सेंटरमधून करता येते. पोरगं कुणाकुणाशी बोललं ते त्यात दिसतं, काय बोललं ते दिसत नाही. मला हे प्रमाण बरोबर वाटतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं प्रत्येक चॅट वाचणारे आईबाप मी पाहिलेत, त्यांच्या पोरांची दोन-दोन खाती असतात.

स्नॅपचॅट असेल तर नकाशावर आपलं ठिकाण लपवणारा घोस्ट मोड चालू. आणि एक गैरसमज आत्ताच काढा: "अण्णा, ते आपोआप पुसलं जातं." समोरच्यानं दुसऱ्या मोबाईलनं फोटो काढला तर काय पुसलं जाणार?

टेलिग्रामवर फोन नंबर कुणाला दिसावा, तिथं 'नोबडी'. मोबाईलच्या सेटिंगमध्ये 'इन्स्टॉल अननोन अ‍ॅप्स' सगळीकडं बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, वाहनाचं चलान अशा नावानं येणारी एपीके, म्हणजे बाहेरून अ‍ॅप बसवणारी फाइल उघडली की मेसेज, ओटीपी सगळं दुसऱ्याच्या हातात जातं.

पायरी ४: एक रील सोबत बसून बघा

माझ्या शेजारच्या दुकानदाराची मुलगी अकरावीला आहे. खातं ओपन होतं. "मी तर फक्त डान्सचे रील टाकते, त्यात काय?" असं तिचं म्हणणं. मी तिला म्हटलं, तुझं एक रील दे, पंधरा सेकंदांचं, आणि मी काय काय सांगतो ते बघ.

रीलमध्ये तिच्या गळ्यात आयकार्ड होतं. नाव वाचता येत नव्हतं, पण रिबनीच्या रंगावरून कॉलेज कळत होतं. मागं क्लासचा फलक, त्यावर बॅचची वेळ. दुसऱ्या रीलमध्ये घराची गच्ची, तिथून दिसणारी पाण्याची टाकी, त्यावरून पेठ कळली. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसल्याची स्टोरी तिनं पाळण्यातूनच टाकली होती, ठिकाणाच्या नावासकट. म्हणजे त्या घटकेला ती जत्रा भरते त्या होम मैदानावर होती आणि घरी नव्हती. बायोत वाढदिवस होता, भावाला टॅग होता, भावाच्या खात्यावर वडिलांच्या दुकानाचा बोर्ड. मी काही पोलीस नाही, पाच मिनिटं नुसतं बघितलं. ती काही बोलली नाही, तिथंच उभ्या उभ्या खातं प्रायव्हेट केलं.

हे तुमच्या घरी करून बघा. युनिफॉर्म, आयकार्ड, क्लासचा फलक, गाडीची नंबरप्लेट, हॉल तिकीट. निकालाच्या दिवशी गुणपत्रिकेचा फोटो स्टेटसला ठेवतात, त्यावर बैठक क्रमांक आणि आईचं नाव असतं. जत्रेचे फोटो जरूर टाका, घरी आल्यावर टाका.

पायरी ५: नेहमीच्या चाली पोराला नावानिशी सांगून ठेवा

अनोळखी मुलीची रिक्वेस्ट कशी चालते ते वर आलंच. म्युच्युअल फ्रेंड दिसतात म्हणून पोरं फसतात. पण ते म्युच्युअलही असेच फसलेले असतात, त्यांनीही रिक्वेस्ट बघून आनंदानं घेतलेली असते. बऱ्याच प्रोफाइलवर तीन टिंबांत 'अबाउट धिस अकाउंट' असतं. खातं कधी उघडलं ते तिथं दिसतं. गेल्या महिन्यात उघडलेलं खातं, दहा-बारा फोटो एकाच दिवशी टाकलेले आणि दोन दिवसांत "व्हॉट्सअ‍ॅप नंबर दे", एवढं जुळलं की थांबायचं. व्हिडिओ कॉलवर समोर दिसणारी मुलगी बहुतेक वेळा आधीच रेकॉर्ड केलेली क्लिप असते. आणि पैसे दिल्यावर दोन-तीन दिवसांत 'सायबर अधिकाऱ्याचा' फोन येतो, "तुझ्यावर केस झालीय, मिटवायची तर..." तोही त्याच टोळीतला.

मुलींच्या बाबतीत चाल उलटी असते. तिथं घाई नसते. महिनोन्‌महिने गोड बोलणं, रिचार्ज करून देणं, "तुझ्या घरच्यांना तुझी किंमत नाही" असं भरवणं. मग "आपल्या दोघांतली गोष्ट कुणाला सांगू नको." हे वाक्य ओळखायला शिकवा. गुपित ठेवायला सांगणारा माणूस वयानं कितीही असो, त्याचं नाव घरात कळायलाच हवं.

आता तर खरा फोटो द्यावाही लागत नाही. साधा चेहऱ्याचा फोटो उचलून एआयनं नागडा फोटो बनवतात. अशा वेळी "तू तसला फोटो काढलासच कशाला?" हा प्रश्न पोरीला विचारू नका. तिनं काढलेलाच नसतो.

पैशाच्या चाली वेगळ्या. 'रील लाईक करा, घरबसल्या कमवा' यात सुरुवातीला शे-दोनशे खरंच मिळतात, मग 'प्रीपेड टास्क' म्हणून भरायला लावतात. पैसे लावून खेळायच्या गेमवर तर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंदीच आहे, तरी टेलिग्रामवरून लिंक फिरतात. तिथं पैसे अडकले तर दाद मागायलाही पोरगं घाबरतं, कारण खेळलो तेच बेकायदा असं त्याला वाटतं. पण त्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही.

सगळ्यात जास्त काळजी मला खातं भाड्यानं देण्याची वाटते, कारण यात आपलंच पोरगं आरोपी होतं. अकरावी-बारावीतला एखादा मोठा मित्र म्हणतो, "बँकेत खातं काढ बे, पासबुक, एटीएम आणि सिम मला दे, महिन्याला पैसे मिळतील." त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात. कुठल्यातरी परराज्यातला फसलेला माणूस तक्रार करतो, खातं गोठतं आणि नोटीस पोराच्या नावावर येते. फॉर्म भरायला आलेल्या पोरांना मी हे आता न विचारता सांगतो. काहीजण गप्प होतात, तेव्हा मला कळतं.

पायरी ६: आपलं पोरगं दुसऱ्याला त्रास देत नाही ना?

हे कुणी विचारत नाही. वर्गाच्या ग्रुपमध्ये एका मुलीचा फोटो एडिट करून टाकला, साठ जणांनी हसण्याचे इमोजी टाकले, वीस जणांनी पुढं पाठवला. घरी विचारलं तर, "मी कुठं बनवला? मी फक्त फॉरवर्ड केला." आयटी कायद्याचं कलम ६७ ब हे १८ वर्षांखालच्या मुलांच्या अश्लील चित्रांसाठी आहे. बनवणारा आणि पुढं पाठवणारा दोघंही त्यात येतात. पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तर असं साहित्य नुसतं बाळगून ठेवण्याबद्दलही कडक निकाल दिलाय. दोघं अल्पवयीन प्रेमात पडून राजीखुशीनं असे फोटो एकमेकांना पाठवतात, तेही कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतं. पोरांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

कोयता हातात घेऊन वाढदिवसाचा केक कापायचा आणि 'भाई' म्हणून रील टाकायचं, ही आणखी एक हौस. आर्म्स अ‍ॅक्ट, म्हणजे शस्त्रांचा कायदा लागतो, आणि पुरावा आपणच अपलोड केलेला असतो.

स्टेटस. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवरून काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. बंद, दगडफेक, लाठीमार, इंटरनेट बंद. सोलापुरात एका गल्लीत चार भाषा आणि पाच देव नांदतात. जयंत्या-मिरवणुकांच्या दिवसांत पोराच्या स्टेटसवर रात्री एक नजर टाकायला काही हरकत नाही.

पायरी ७: घडलंच, तर पहिल्या तासाभरात

इथं क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सावकाश वाचा.

पोराला आधी पाणी द्या आणि एकटं सोडू नका. त्या रात्री तर अजिबात नको. "मी मरतो" असं काही बोललं तर ते नाटक समजू नका. टेली-मानस १४४१६ हा सरकारी मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात.

पैसे देऊ नका. आधी दिले असतील तर आणखी देऊ नका. पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. देणारं गिऱ्हाईक पक्कं झालं, असा त्यांचा हिशोब असतो. समोरच्याला शिव्या घालू नका, विनवण्याही करू नका. उत्तरच देऊ नका.

काही पुसू नका. चॅट, कॉल लॉग, खातं, काहीच नाही. मोबाईल रिसेट तर मुळीच नाही. आधी स्क्रीनशॉट: समोरच्याचं युजरनेम दिसेल असं प्रोफाइल, प्रोफाइलची लिंक, व्हॉट्सअ‍ॅप नंबर, धमकीचे मेसेज तारीख-वेळेसकट, पैसे कुठं मागितले तो यूपीआय आयडी किंवा क्यूआर. पैसे गेले असतील तर पेमेंटच्या पावतीवरचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा नंबर. चॅट वर-खाली करत स्क्रीन रेकॉर्डिंगही करून ठेवा, कारण ही मंडळी युजरनेम बदलून पळतात. हे सगळं झालं की रिपोर्ट करा आणि मग ब्लॉक. पोरं घाबरून आधी ब्लॉक करतात, मग समोरचा चॅट पुसून मोकळा होतो.

एक सावधगिरी. तो फोटो किंवा क्लिप पुरावा म्हणून स्वतःच्या मोबाईलवर घेऊ नका, मामाला, सरांना, वकिलाला फॉरवर्ड करू नका. मूल १८ वर्षांखालचं आहे. पाठवणारे तुम्ही असलात तरी कायदा तोच आहे. ज्या मोबाईलवर आहे त्यावरच राहू द्या आणि मोबाईल पोलिसांना दाखवा.

पैसे गेले असतील तर स्क्रीनशॉटच्याही आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि मधल्या एखाद्या खात्यात ते अडवायचे असतात, त्यामुळं इथं मिनिटामिनिटाला किंमत आहे. लाईन लागली नाही तर लावत राहा, दुसऱ्यानं तोवर बँकेला फोन करावा.

फोटो पसरायची भीती असेल तर 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे, अमेरिकेतली एक संस्था चालवते, पण कुठूनही वापरता येते. १८ वर्षांच्या आत काढलेल्या फोटोंसाठी. फोटो मोबाईलमधून बाहेर जात नाही. त्याचा आकड्यांतला ठसा तयार होतो आणि इन्स्टा, फेसबुकसारख्या कंपन्या तो ठसा जुळला की फोटो अडवतात. खासगी व्हॉट्सअ‍ॅप चॅटपर्यंत तिचा हात पोचत नाही, तेवढी मर्यादा. १८ च्या वरच्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' आहे. शिवाय अ‍ॅपकडं तक्रार करा: नग्न किंवा खोटा बनवलेला फोटो तक्रारीनंतर २४ तासांत काढायचं बंधन २०२१ च्या आयटी नियमांनी कंपन्यांवर घातलं, फेब्रुवारी २०२६ मध्ये ही मुदत दोन तासांवर आणली.

पोराचं खातं काही दिवस डीअ‍ॅक्टिव्हेट करा. डिलीट नव्हे. फॉलोअर्सची यादी दिसेनाशी झाली की धमकीतली अर्धी हवा जाते. ज्या दोन-चार लोकांना कळेल अशी भीती आहे, त्यांना तुम्हीच आधी सांगा: "असं काही आलं तर उघडू नका, पुढं पाठवू नका, आम्हाला कळवा."

पायरी ८: तक्रार

सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर महिला व बालकांचा वेगळा विभाग आहे. नाव न देताही तक्रार करता येते, पण मग तिचं पुढं काय झालं ते बघता येत नाही. मी नाव देऊन करायला सांगतो. पावतीचा नंबर येतो, तो लिहून ठेवा. मोबाईलमध्ये नव्हे, कागदावर.

शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयाचं सायबर ठाणं, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, मोहोळकडचे असाल तर ग्रामीण पोलिसांचं. "हे आमच्या हद्दीत येत नाही" असं कुणी म्हटलं तर शांतपणे 'झिरो एफआयआर' हा शब्द उच्चारा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो.

पोरीला ठाण्यात न्यायची भीती सगळ्यांना वाटते. मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात मुलाच्या सोयीचं बरंच लिहिलंय. जबाब घरी किंवा मुलाला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आणि त्या वेळी अंगावर वर्दी नको. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. नाव-गाव बातमीत छापायचं नाही. मुलगा असला तरी हा कायदा तसाच लागू आहे, हे मुद्दाम सांगतो, कारण पोराच्या बाबतीत "पोरगाच आहे, काय बिघडतंय" असं म्हणणारे भेटतात. आणि शाळेतल्यांना: असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं पॉक्सोच्या कलम १९ नुसार बंधनकारक आहे. "शाळेची बदनामी नको, आपसात मिटवू" हा पर्यायच नाही. पोलिसांत जायच्या आधी कुणाशी बोलायचं असेल तर १०९८, मुलांची हेल्पलाइन.

जाताना मोबाईल, चार्जर, आधार कार्ड आणि घटनाक्रम लिहिलेला एक कागद न्या. तारीख, वेळ, काय झालं. मोडक्या भाषेत चालेल. हा कागद पोराकडूनच लिहून घ्या, पण रात्री नको, सकाळी. झोपल्यानंतर त्याला क्रम नीट आठवतो.

त्या विडीवाल्या बाईंच्या पोरानं तो कागद माझ्याच काउंटरवर लिहिला, झेरॉक्सच्या खराब पानाच्या मागं. आईला काय सांगायचं ते मी आधी त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही सांगा, मी बाहेर थांबतो." मी म्हटलं, दोघं मिळून सांगू. बाई ऐकून बराच वेळ गप्प होत्या. मग पोराला एवढंच विचारलं, "जेवलास का सकाळपासून?"

वरचे तीन नंबर, १९३०, १०९८, १४४१६, मोठ्या अक्षरांत लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, मोबाईलमध्ये सेव्ह करून उपयोग नाही, कारण भानगड होते तेव्हा मोबाईल हातात घ्यायचंच धाडस नसतं. मराठी आणि तेलुगू, दोन्ही अक्षरांतली चिठ्ठी माझ्याकडं तयार आहे. या बाजूला आलात तर घेऊन जा, झेरॉक्सचे पैसे नाहीत.